'हृदयक्रिया बंद पडली' हे मृत्यूचं कारणच नाही! मग खरं कारण कुठे लिहिलं जातं?

समजा, जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका हॉस्पिटलमध्ये ५८ वर्षांचे एक गृहस्थ रात्री अडीच वाजता गेले. पंधरा वर्षांपासून शुगर होती. चार महिन्यांपूर्वी पायाला चप्पल चावली, जखम भरेना, बोटं काळी पडली, संसर्ग रक्तात पसरला आणि शेवटी हृदय थांबलं. बाहेर नातेवाईक रडतायत, कुणी बिलाचं बघतंय, कुणी शववाहिकेला फोन लावतंय. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरसमोर एक फॉर्म आहे. तो 'मृत्यूचं कारण' या रकान्यात लिहितो 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट', म्हणजे हृदय आणि श्वास बंद पडला. सही, शिक्का, झालं काम.

आता जरा थांबून विचार करा. हृदय आणि श्वास बंद पडणं यालाच तर आपण मृत्यू म्हणतो. म्हणजे डॉक्टरने लिहिलं काय, तर माणूस कशाने गेला? मृत्यूने गेला!

हा विनोद वाटेल, पण असे फॉर्म देशभर रोज भरले जातात. आणि एखाद्या जिल्ह्याला किती इन्सुलिन लागेल, सर्पदंशाची किती इंजेक्शनं पाठवायची, कॅन्सरचं हॉस्पिटल कुठे बांधायचं हे ठरवताना जे आकडे वापरले जातात, त्यातले बरेच याच रकान्यातून येतात. रकाना आणि आकडा यांच्यामध्ये एक गोष्ट असते, ती म्हणजे कोड.

एक माणूस, तीन कोड

जगभरात आजारांची एक सामायिक यादी वापरली जाते. तिचं नाव 'इंटरनॅशनल क्लासिफिकेशन ऑफ डिसीजेस', म्हणजेच आयसीडी. ती जागतिक आरोग्य संघटना सांभाळते. या यादीत प्रत्येक आजाराला, इजेला, अपघाताच्या प्रकाराला एक इंग्रजी अक्षर आणि काही आकडे दिलेले असतात. 'आय-२१' म्हणजे हार्ट अटॅक, 'ई-११' म्हणजे प्रौढांना होणारा टाइप-२ डायबेटिस, 'ए-००' म्हणजे कॉलरा.

याची गरज काय, तर डॉक्टर एकाच आजाराला दहा नावांनी लिहितात. टीबीचंच घ्या. कुणी 'टीबी' लिहितं, कुणी 'ट्युबरक्युलोसिस', मराठीत क्षय आहेच. शिवाय पेशंटच्या घरच्यांना धक्का बसू नये म्हणून जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉख यांच्या नावाने नुसतं 'कॉख्स' लिहायची आपल्याकडच्या डॉक्टरांची जुनी सवय आहे. कागद वाचणाऱ्या कारकुनाने हे चार वेगळे आजार समजायचे की एक? कोड असला की हा प्रश्न उरत नाही.

आता आपल्या गृहस्थांकडे परत येऊ. डॉक्टरने जे लिहिलंय, त्याला कोड मिळेल 'आय-४६', म्हणजे कार्डिअॅक अरेस्ट. हे गृहस्थ हृदयविकाराच्या खात्यात गेले. डॉक्टरने फक्त 'सेप्टिसीमिया' लिहिलं असतं, तर 'ए-४१' मिळाला असता आणि ते संसर्गजन्य आजारांच्या खात्यात गेले असते. नीट लिहिलं असतं, तर कोड आला असता 'ई-११', डायबेटिस. माणूस तोच, पाय तोच, रात्र तीच. पण देशाच्या हिशेबात तीन वेगळी उत्तरं, आणि त्यातलं फक्त शेवटचं सांगतं की हा मृत्यू शुगर वेळेत आटोक्यात ठेवून टाळता आला असता.

फॉर्ममध्ये नेमकं काय लिहायचं असतं?

भारतात हॉस्पिटलमधल्या मृत्यूसाठी 'फॉर्म ४' आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी 'फॉर्म ४-ए' वापरतात. दोन्हींची रचना जागतिक आरोग्य संघटनेच्या नमुन्यावर आहे. पहिल्या भागात एकाखाली एक ओळी असतात. अ : थेट कशामुळे मृत्यू झाला. ब : ते कशामुळे झालं. क : आणि ते कशामुळे. म्हणजे प्रत्येक ओळीवर 'हे कशामुळे?' असं विचारत खाली उतरायचं. शेजारी प्रत्येक आजार मृत्यूच्या किती दिवस किंवा वर्षं आधी सुरू झाला हे लिहायचं. दुसऱ्या भागात हातभार लावणारे बाकीचे आजार.

आपल्या उदाहरणात अ ओळीत 'सेप्टिसीमिया, ३ दिवस', ब ओळीत 'पायाचं गँगरीन, २ महिने', क ओळीत 'टाइप-२ डायबेटिस, १५ वर्षं' असं यायला हवं होतं. आकडेवारीत मोजली जाते ती सगळ्यात खालची ओळ. तिला 'मूळ कारण' म्हणतात, म्हणजे ज्या आजाराने किंवा इजेने ही सगळी साखळी सुरू झाली तो. शेवटचा डोमिनो कोणता पडला याला महत्त्व नाही, पहिला कुणी ढकलला याला आहे.

फॉर्मवर स्पष्ट सूचना असते की मृत्यूची पद्धत लिहू नका, हार्ट फेल्युअरसारखे शब्द कारण म्हणून टाकू नका. तरी लिहिलं जातं. यात सगळा दोष डॉक्टरांचा आहे असं म्हणणं सोपं आहे, पण रात्रपाळीचा इंटर्न किंवा रेसिडेंट, ज्याने पेशंटला शेवटच्या अर्ध्या तासातच पाहिलंय, त्याला पंधरा वर्षांचा इतिहास कुठून माहीत असणार?

अशा निरुपयोगी कोडसाठी जागतिक संशोधनात एक बोचरा शब्द रूढ झालाय, 'गार्बेज कोड'. कचरा. क्रिस्टोफर मरे आणि ॲलन लोपेझ या संशोधकांनी १९९० च्या दशकात जगभरातल्या आजारांच्या ओझ्याचा हिशेब मांडला, तेव्हापासून तो वापरात आहे. कार्डिअॅक अरेस्ट त्यातच येतं. 'म्हातारपण' सुद्धा. सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ गेल्या, तेव्हा त्यांच्या मृत्युनोंदीत कारण लिहिलं होतं 'ओल्ड एज'. ९६ व्या वर्षी गेलेल्या राणीचं चालून जातं. आकडेवारीसाठी मात्र त्या नोंदीतून काहीच कळत नाही.

ही यादी आली कुठून?

सतराव्या शतकात लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंची यादी छापली जायची. कुणी प्लेगने, कुणी तापाने आणि कुणी चक्क 'दातांनी' मेल्याची नोंद असायची (दात येण्याच्या वयात गेलेली बाळं त्यात धरायचे). जॉन ग्राँट नावाच्या कापड व्यापाऱ्याने या याद्या चाळून १६६२ मध्ये पुस्तक लिहिलं आणि मृत्यू मोजून समाजाबद्दल काही शिकता येतं हे दाखवून दिलं. पुढे १८३० च्या दशकात इंग्लंडच्या नोंदणी कार्यालयातल्या विल्यम फार यांची तक्रार होती की एकाच आजाराला तीन-चार नावं आहेत आणि एकच नाव तीन-चार आजारांना दिलं जातं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये सगळ्या हॉस्पिटलांनी एकाच पद्धतीने आकडे ठेवावेत असा आग्रह धरला. 'दिवा घेतलेली बाई' म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण बाई आकडेवारीतही तितक्याच पक्क्या होत्या.

प्रत्यक्षात आंतरराष्ट्रीय यादी आली १८९३ मध्ये. पॅरिसचे झाक बर्तियों यांनी ती बनवली. गुन्हेगारांची मापं घेऊन ओळख पटवण्याची पद्धत काढणारे आल्फोन्स बर्तियों हे त्यांचे भाऊ, म्हणजे वर्गीकरण घरातच होतं. १९०० मध्ये पॅरिसला २६ देशांनी बसून ती सुधारली. १९४८ मध्ये सहाव्या आवृत्तीपासून जबाबदारी नव्या जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि फक्त मृत्यूची कारणंच नाही, तर जिवंत माणसांचे आजारही यादीत आले. आज आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दिसते ती दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली.

साप आकड्यांतून कसे गायब झाले?

पावसाळ्यात कोकणात, विदर्भात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. बऱ्याचदा दंशाची खूणही नीट दिसत नाही. विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत माणूस गेला आणि कागदावर 'श्वसन बंद पडल्याने' एवढंच आलं, तर कोड लागतो श्वसनाच्या आजाराचा. साप गायब. विंचवाचंही तसंच. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाने लोक नेमके कशामुळे दगावतात आणि कसे वाचतात हे आयुष्यभर अभ्यासलं. विंचू चावलेल्या माणसाच्या फुफ्फुसात पाणी होतं हे त्या कामातून दिसलं. पण फॉर्मवर नुसतं 'फुफ्फुसात पाणी' लिहिलं की विंचूही गायब.

सर्पदंशाने गेलेले कितीतरी लोक हॉस्पिटलपर्यंत पोचतही नाहीत. म्हणून २००१ पासून 'मिलियन डेथ स्टडी' नावाचा मोठा अभ्यास भारतात झाला. त्यात प्रशिक्षित माणसं मृत्यू झालेल्या घरी जाऊन शेवटचे दिवस कसे गेले हे विचारत. ताप होता का, किती दिवस, काही चावलं होतं का? ती माहिती दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता वाचत आणि दोघेही स्वतंत्रपणे आयसीडी कोड देत. त्यातून निघालेला सर्पदंशाचा अंदाज होता वर्षाला सुमारे ४६ हजार मृत्यू. हा आकडा हॉस्पिटलांच्या सरकारी नोंदींच्या तीसपटीहून जास्त होता. २०२० मध्ये आलेल्या पुढच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख लोक सर्पदंशाने गेले. सरकारी नोंदीत जर साप हजार-दोन हजार माणसंच मारत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात इंजेक्शनं कुणी आणि किती ठेवायची?

कीटकनाशकांच्या बाबतीत प्रश्न आणखी अवघड होतो. तेच औषध फवारताना श्वासातून गेलं तर कोड 'एक्स-४८', अपघात. स्वतःहून घेतलं तर 'एक्स-६८', आत्महत्या. कळलंच नाही तर 'वाय-१८'. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा हा फरक जगासमोर आला. पहिल्या कोडमध्ये प्रश्न औषध, पंप आणि हातमोज्यांचा असतो, दुसऱ्यात कर्जाचा आणि मनाचा. रसायन तेच असतं.

कोविडमध्ये काय झालं?

एका ओळीने काय फरक पडतो, हे सगळ्या देशाने २०२० मध्ये पाहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडसाठी दोन तातडीचे कोड दिले. 'यू-०७.१' म्हणजे चाचणीत विषाणू सापडला, 'यू-०७.२' म्हणजे चाचणी नाही किंवा निर्णायक नाही, पण लक्षणं कोविडचीच. पण सुरुवातीला वाद पेटला तो 'को-मॉर्बिडिटी' या शब्दावरून. शुगर असलेला माणूस कोविड होऊन गेला, तर तो शुगरने गेला की कोविडने? आयसीएमआरने २०२० मध्येच सांगितलं की कोविडने साखळी सुरू झाली असेल तर मूळ कारण कोविड, आणि शुगर, बीपी वगैरे दुसऱ्या भागात लिहा. सगळीकडे तसं झालं नाही. १६ जून २०२० ला महाराष्ट्राने नोंदींचा ताळमेळ घालून एका दिवसात १,३२८ जुने मृत्यू यादीत वाढवले, त्यातले ८६२ एकट्या मुंबईचे होते.

पुढे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोविडने गेलेल्यांच्या कुटुंबाला ५० हजार रुपये देण्याचं ठरलं. आता त्या ओळीला पैशांचं वजन आलं. ज्यांच्या कागदावर 'न्यूमोनिया' किंवा 'कार्डिअॅक अरेस्ट' होतं, ते लोक जिल्हा समित्यांच्या दारात रिपोर्ट आणि सीटी स्कॅनच्या फिल्म घेऊन उभे राहिले. चाचणीनंतर ३० दिवसांत झालेला मृत्यू धरायचा, असा सैल नियम केल्यावर चित्रच पालटलं. गुजरातमध्ये अधिकृत मृत्यू सुमारे १० हजार होते, अर्ज आले ८९ हजारांहून जास्त. महाराष्ट्रातही अर्ज अधिकृत मृत्यूंपेक्षा बरेच अधिक होते.

याहून बोलका आकडा नंतर आला. केंद्राच्या मृत्यूकारण अहवालानुसार २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम साडेबावीस टक्क्यांच्या कारणावर डॉक्टरचं प्रमाणपत्र होतं. तेवढ्यातच कोविडचे मृत्यू निघाले १ लाख ६० हजारांवर. त्या वर्षाअखेर रोजच्या सरकारी बुलेटिनमधला एकूण आकडा होता सुमारे १ लाख ४९ हजार. म्हणजे चारपैकी एकाहूनही कमी मृत्यू तपासले, तरी बुलेटिनपेक्षा जास्त कोविड सापडला. उरलेल्या तीन हिश्श्यांत काय होतं, ते कोणत्याच कोडमध्ये नाही. याला अपवादही आहे. गोव्यात जवळजवळ प्रत्येक नोंदलेल्या मृत्यूला डॉक्टरी कारण असतं. गोवा छोटा आहे हे मान्य, पण हे होऊ शकतं हेही त्यातून दिसतंच.

इथे एक विचित्र गोष्ट सांगायला हवी. पुणे, नवी मुंबई, हैदराबाद, चेन्नईत हजारो तरुण 'मेडिकल कोडर' म्हणून काम करतात. बीएस्सी, बीफार्म, बीएचएमएस झालेली आपल्याकडची कितीतरी मुलं त्यात आहेत. अमेरिकेतल्या पेशंटचे केसपेपर वाचून ते कोड लावतात, कारण तिथे कोडशिवाय विमा कंपनी डॉक्टरला पैसे देत नाही. अमेरिकेची आयसीडी-१० इतकी बारीक आहे की तिच्यात सुमारे ७० हजार कोड आहेत. बदकाची धडक बसली तर वेगळा, पेटलेल्या वॉटर-स्कीमुळे भाजलं तर वेगळा. तिकडे बदकाला कोड आहे, आणि आपल्या गावातल्या मण्यारीला नाही, असं म्हणायची वेळ येते. खरं तर मण्यारीलाही कोड आहे, 'एक्स-२०'. तो टाकणारा माणूस नाही.

तुमच्या खिशाशी याचा संबंध काय?

कॅशलेससाठी हॉस्पिटल विमा कंपनीला जो फॉर्म पाठवतं, त्यात निदानाशेजारी 'आयसीडी-१० कोड' असा रकाना असतो. आयआरडीएआयने ठरवून दिलेल्या ठरावीक जुन्या आजारांबाबत कंपनी पॉलिसी देताना 'हा आजार कायमचा वगळला' असं म्हणू शकते, आणि ती यादीही आयसीडी कोडसकट आहे. उदाहरणार्थ फिट्स, म्हणजे एपिलेप्सी, तिथे 'जी-४०' म्हणून आहे. म्हणजे तुमच्या जुन्या केसपेपरवर जो कोड किंवा जो शब्द आहे, तोच पुढे दावा मंजूर होतो की फेटाळला जातो हे ठरवू शकतो.

डिस्चार्ज कार्डवर 'के/सी/ओ डीएम, १० वर्षं' असं दिसलं तर त्याचा अर्थ 'दहा वर्षांपासून डायबेटिस असल्याचं माहीत आहे'. ॲडमिशनच्या गडबडीत कुणा काकांनी अंदाजे सांगितलेली ही 'दहा वर्षं' पुढे 'आजार लपवला' म्हणून विमा नाकारायला कारण ठरू शकतात. त्यामुळे घरी जाण्याआधी डिस्चार्ज कार्ड वाचा. चूक असेल तर तेव्हाच डॉक्टरांकडून सहीनिशी दुरुस्त करून घ्या. सहा महिन्यांनी हे करून घेणं फार कठीण जातं.

यादी बदलते, तेव्हा आजारही बदलतात

एखादी गोष्ट आजार आहे की नाही, हेही या यादीत ठरतं. जुन्या नवव्या आवृत्तीत समलैंगिकता '३०२.०' या कोडखाली मानसिक विकार म्हणून होती. १७ मे १९९० ला दहावी आवृत्ती मंजूर झाली आणि तो कोड गेला. जगभर १७ मे हा दिवस म्हणूनच पाळला जातो. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या आणि जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत ट्रान्सजेंडर व्यक्तींशी संबंधित नोंद मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढली गेली. उलट, व्हिडिओ गेमचं व्यसन पहिल्यांदाच आत आलं. 'आय' आणि एक, 'ओ' आणि शून्य यांत गोंधळ होतो म्हणून नव्या कोडमध्ये ही दोन अक्षरं वापरतच नाहीत. डॉक्टरांचं अक्षर पाहता निर्णय शहाणपणाचा म्हणायचा.

जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत अकराव्या आवृत्तीत आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीतल्या निदानांचे कोडही सुरू झाले. त्यावरून 'जागतिक आरोग्य संघटनेने आयुर्वेदावर शिक्कामोर्तब केलं' असे मेसेज फिरले. तसं नाही. कोड मिळणं म्हणजे मोजणी करता येणं, उपचार सिद्ध होणं नाही. आणि हे कोड मृत्यूचं कारण लिहायला वापरायचे नाहीत.

कागद कुणाला मिळतो?

महापालिका किंवा ग्रामपंचायतीकडून मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण नसतं. तो विसरलेला रकाना नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातच तसं आहे, माणसाचा आजार चारचौघांत जाऊ नये म्हणून. कारण असतं ते फॉर्म ४ वर, आणि तो आजवर हॉस्पिटलमधून थेट निबंधकाकडे जायचा. घरच्यांना तो दिसतही नसे.

२०२३ मध्ये कायदा बदलला. १ ऑक्टोबर २०२३ पासून हॉस्पिटलने मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र निबंधकाला मोफत द्यायचं आणि त्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची. त्यामुळे असा प्रसंग आलाच, तर बिलाच्या पावतीबरोबर ही प्रतही मागा. डॉक्टर भेटतील तेव्हा आजार कधीपासून होता, आधी कुठे उपचार घेतले, तंबाखू किती वर्षं होती, सगळं सांगा. प्रत हातात आली की अ ओळीवर थांबू नका, सगळ्यात खालची भरलेली ओळ वाचा.